डेव्ह पळाला, टोकन उरलं: ताबा घेण्याआधी चाव्या मोजा

बिल्डर अर्धवट इमारत सोडून गेला, रहिवाशांनी सोसायटी करून कारभार हाती घेतला, पण कन्व्हेयन्स झालेलं नसेल तर जमीन कागदोपत्री बिल्डरचीच राहते. क्रिप्टो टोकन काढणारा डेव्हलपर, म्हणजे 'डेव्ह', पळून गेला की होल्डर, म्हणजे ते टोकन बाळगणारे, त्याचा ताबा घेतात. या कम्युनिटी टेकओव्हरमध्ये, म्हणजे सगळे ज्याला सीटीओ म्हणतात त्यात, नेमकं हेच घडतं. टेलिग्रामवर नवा ग्रुप निघतो, एक्सवर नवं खातं उघडतं, 'आता टोकन आपलं' अशी घोषणा होते. आणि नवीन टोकन छापायचा अधिकार, पूलमधली लिक्विडिटी (खरेदी-विक्रीसाठी ठेवलेला टोकन आणि पैशाचा साठा) किंवा व्यवहारांमागे कापलेला टॅक्स जमा होणारं वॉलेट तेव्हाही जुन्या डेव्हच्याच हातात असू शकतं.

ज्यांच्याकडे असं बेवारस टोकन पडून आहे आणि ज्यांना 'ये, आपण ताबा घेऊ' असा निरोप आलाय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच ठरवून टाका: खालच्या पहिल्या तीन पायऱ्या होईपर्यंत एक रुपयाही नवा घालायचा नाही. वर्गणी नाही, 'किंमत टिकवायला' केलेली खरेदीही नाही. उत्साह सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या दोन दिवसांत, आणि सगळ्यात जास्त पैसे बुडतात तेही त्याच दोन दिवसांत.

पहिली पायरी: टोकनचा सातबारा काढा

आधी ओळखा की झालं काय. डेव्हने स्वतःचा साठा विकून पाठ फिरवली असेल, तर ताबा घेण्यात अर्थ असू शकतो. त्याने पूलमधली लिक्विडिटीच काढून नेली असेल, तर जुनं टोकन जवळपास मेलेलं असतं. तिथे नव्या टोकनवर स्थलांतराचाच विचार करावा लागतो. आणि टोकन विकत घेता येतं पण विकता येत नाही असा सापळा असेल, तर त्याच्या नादी लागू नका. लोक कितीही चांगले असले तरी वाईट कोड वाईटच राहतो.

सोलाना या ब्लॉकचेनवरचं टोकन असेल तर त्याचा पत्ता सोलस्कॅन या तिच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाका आणि तीन अधिकार बघा. मिंट ऑथॉरिटी म्हणजे नवीन टोकन छापायचा हक्क. फ्रीझ ऑथॉरिटी म्हणजे कुणाचंही टोकन खातं गोठवायचा हक्क. अपडेट ऑथॉरिटी म्हणजे नाव, चित्र आणि दुवे बदलायचा हक्क. पहिले दोन रद्द झालेले हवेत. तिसरा चालू असेल तर तो कुणाकडे आहे ते लिहून ठेवा. टोकन नव्या पद्धतीचं, म्हणजे टोकन-२०२२ प्रोग्रॅमवरचं असेल, तर त्याची एक्स्टेन्शन्सही उघडून बघा. त्यात 'पर्मनंट डेलिगेट' दिसलं, तर ते ज्याच्याकडे आहे तो तुमच्या वॉलेटमधली टोकन तुम्हाला न विचारता हलवू किंवा जाळू शकतो. ते दिसलं की तिथेच थांबा.

पंप डॉट फन या टोकन काढण्याच्या संकेतस्थळावर निघालेल्या टोकनांचं गणित साधारणपणे ठरलेलं असतं. एकूण १०० कोटी टोकन. त्यातली सुमारे ७९ कोटी बाँडिंग कर्व्हवर, म्हणजे विक्रीबरोबर भाव चढत जाणाऱ्या सूत्राने, विकली जातात आणि साधारण ८५ सोल (सोलानाचं चलन) जमले की उरलेली पूलमध्ये जातात. मिंट आणि फ्रीझ आधीच बंद असतात, पूलचे हिस्सेही जाळलेले, म्हणजे कुणालाच काढता येणार नाहीत असे, असतात. म्हणून सीटीओ बहुतेक इथल्याच टोकनांचे होतात. पण धोका संपत नाही, फक्त जागा बदलतो. डेव्हच्या इतर वॉलेटांमधला साठा, दर व्यवहारामागे त्याला मिळत राहणारं निर्मात्याचं शुल्क आणि टोकन काढताना चिकटवलेले जुने दुवे, हे तिन्ही मागे उरतात.

इथेरियम, बेस किंवा बीएनबी चेनवर असाल तर एक्सप्लोररवर (साखळीवरच्या, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या, नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) कॉन्ट्रॅक्टचं, म्हणजे टोकन चालवणाऱ्या कोडचं, पान उघडा. सोर्स कोड व्हेरिफाय केलेलाच नसेल तर विषय संपला. असेल तर 'रीड कॉन्ट्रॅक्ट' मध्ये ओनर कोण ते बघा. तिथे सगळी शून्यं असलेला पत्ता दिसला की ओनरशिप सोडलेली आहे. नवखा माणूस इथे सुटकेचा निःश्वास टाकतो, पण अजून तीन गोष्टी बाकी असतात. पान 'रीड अ‍ॅज प्रॉक्सी' असा वेगळा भाग दाखवत असेल, तर मागचा कोड बदलता येण्यासारखा आहे. तो बदलायचा हक्क कुणाकडे आहे ते शोधा. कोडमध्ये ओनरशिवाय दुसऱ्या कुठल्या भूमिकेला ब्लॅकलिस्ट करायचा किंवा छापायचा हक्क ठेवलाय का, ते वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला विचारा. आणि टॅक्स. समजा खरेदी-विक्रीवर ५ टक्के टॅक्स आहे, तो डेव्हच्या वॉलेटला जातो आणि ओनरशिप सोडलेली आहे. म्हणजे तो टॅक्स आता कुणालाच बंद करता येणार नाही. तुम्ही रात्रंदिवस राबून व्यवहार वाढवाल आणि प्रत्येक व्यवहारातला वाटा पळालेल्या माणसाला पोचत राहील. अशा टोकनचा ताबा घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: पूल कुणाचा?

युनिस्वॅप या विकेंद्रित एक्स्चेंजच्या व्ही-२ आवृत्तीसारख्या पूलमध्ये लिक्विडिटी टाकणाऱ्याला एलपी टोकन मिळतात, आणि ती ज्याच्याकडे तो पूलमधला माल कधीही काढू शकतो. पूलच्या पत्त्यावर जाऊन होल्डरांची यादी बघा. एलपी टोकन शून्य पत्त्यावर किंवा मृत पत्त्यावर, म्हणजे ज्याची चावी कुणाकडेच नाही अशा ठिकाणी, गेली असतील तर ती जळाली. यूएनसीएक्स किंवा टीम फायनान्ससारख्या लॉकरमध्ये असतील तर कुलूप कधी उघडतं ती तारीख लिहून घ्या. तीन आठवड्यांनी उघडणारं कुलूप म्हणजे तुमच्याकडे तीनच आठवडे आहेत. व्ही-३ मध्ये हिस्सा एनएफटीच्या, म्हणजे एकमेव टोकनच्या, रूपात असतो, तिथे त्या एनएफटीचा मालक बघायचा.

'पाठवलं' आणि 'जाळलं' यांत गल्लत करू नका. शिबा इनू या टोकनचा निम्मा सप्लाय सुरुवातीला इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटॅलिक ब्युटेरिन यांच्या पत्त्यावर पाठवला होता आणि पुष्कळ लोक तो बाजारातून कायमचा गेला असं धरून चालले होते. मे २०२१ मध्ये त्यांनी त्यातली ५० लाख कोटी टोकन भारतातल्या कोविड मदतीच्या क्रिप्टो निधीला दिली, उरलेल्यातला बहुतेक भाग खरोखर जाळला, आणि दरम्यान किंमत धाडकन खाली आली. चावी असलेल्या माणसाच्या पत्त्यावरचं टोकन जिवंतच असतं, मग तो माणूस कितीही सज्जन असो.

तिसरी पायरी: डेव्हकडे अजून किती आहे?

हे गणित कागदावर करून बघा, मग ते विसरलं जात नाही. समजा पूलमध्ये ४० सोल आणि २० कोटी टोकन आहेत. दोघांचा गुणाकार कायम राहतो, ८००. डेव्हकडे लपवलेली ५ कोटी टोकन आहेत आणि ती तो विकतो. पूलमध्ये आता २५ कोटी टोकन, म्हणून सोल उरले ८०० भागिले २५, म्हणजे ३२. शुल्क बाजूला ठेवलं तर त्याने ८ सोल नेले. कोटीमागे भाव २ सोलवरून १.२८ वर आला, म्हणजे ३६ टक्के घसरण. आता भाव पुन्हा २ वर न्यायचा असेल तर समुदायाला नेमके तेच ८ सोल नव्याने घालावे लागतात. 'डेव्ह विकतोय, आपण उचलून धरू' या घोषणेचा अर्थ इतकाच होतो: त्याचे पैसे आपण भरू.

म्हणून पहिल्या पंचवीस-तीस होल्डरांची यादी काढा. पूल आणि एक्स्चेंजची वॉलेटं वगळा. उरलेल्या प्रत्येकाला पहिले सोल किंवा इथर कुठून आले ते मागे जाऊन बघा. पाच वेगळी दिसणारी वॉलेटं एकाच पत्त्यावरून, दहा मिनिटांच्या आत भरलेली असतील तर तो एकच माणूस आहे असं धरा. बबलमॅप्सवर हे नातं चित्रात दिसतं, रगचेकवर ढोबळ इशारे मिळतात. पण ही साधनं दुवा शोधायला आहेत, निकाल द्यायला नाहीत. टोकन निघालं त्याच क्षणी घेणारी वॉलेटंही वेगळी नोंदवा. डेव्हशी जोडलेल्या गटाकडे १५ टक्क्यांहून जास्त सप्लाय उरला असेल तर आम्ही पुढे जाऊ नका असंच सांगू. हा शास्त्रीय आकडा नाही, सावध माणसाचा अंदाज आहे. आणि हाच तपास सीटीओचं नेतृत्व करू पाहणाऱ्यांचाही करा. तळाला स्वस्तात घेऊन, मग टेकओव्हरचा झेंडा फडकवून, वर विकून जाणारे लोक याच बाजारात फिरतात.

चौथी पायरी: डेव्हशी बोला, त्याच्या मागे लागू नका

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका शाळकरी मुलाने थेट प्रक्षेपणात स्वतःचं टोकन विकून सुमारे ३० हजार डॉलर उचलले. चिडलेल्या होल्डरांनी टोकन ताब्यात घेऊन त्याची किंमत अनेक पटींनी वर नेली. पण त्याच रागात त्याच्या घरच्यांची माहिती इंटरनेटवर पसरवली गेली. किंमत वर गेली म्हणून ते कृत्य योग्य ठरत नाही. ग्रुपमध्ये पहिल्या दिवशीच नियम लावा: कुणाचं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती टाकणारा लगेच बाहेर. पुरावा असेल तर तो सायबर पोलिसांच्या १९३० या क्रमांकावर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर जाऊ द्या.

डेव्हला एकच लेखी निरोप पाठवा, सभ्य भाषेत, आणि त्यात काय हवंय ते मोजून मागा. कॉन्ट्रॅक्टची ओनरशिप किंवा अपडेट ऑथॉरिटी, एक्स खातं, टेलिग्राम ग्रुपची मालकी, डोमेन. बरेच डेव्ह खजील झालेले असतात आणि सुटकेचा रस्ता दिसला की देऊनही टाकतात.

घेताना मात्र चोख राहा. सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट उघडणारे बारा शब्द, देऊन 'हे वॉलेट तुमचं' असं कुणी म्हणालं तर ते घेणं नव्हे. त्या बारा शब्दांची प्रत त्याच्याकडेही असते. अधिकार साखळीवरच, तुमच्या नव्या मल्टिसिगच्या, म्हणजे अनेकांच्या सह्यांनीच चालणाऱ्या वॉलेटच्या, पत्त्यावर बदलून घ्यायचा. एक्स खात्याचा नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ईमेल, फोन क्रमांक, दोन-टप्पी पडताळणी, जोडलेली अ‍ॅप आणि चालू सेशन, सगळं बदला. टेलिग्रामवर मालकी सोपवायला जुन्या मालकाची दोन-टप्पी पडताळणी किमान सात दिवस आधीपासून सुरू असावी लागते. ही गोष्ट आधी माहीत नसेल तर आठवडाभर सगळे ताटकळतात. मालकी मिळत नसेल तर नुसत्या अ‍ॅडमिनपदावर विसंबू नका. मालक कधीही तुम्हाला काढू शकतो. सरळ नवा ग्रुप करा.

पाचवी पायरी: मल्टिसिग

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण दुसरा विश्वासघात बहुतेक वेळा आतूनच होतो.

इथेरियमच्या जगात सेफ आणि सोलानावर स्क्वाड्स ही साधनं चालतात. पाचांपैकी तीन किंवा सातांपैकी चार सह्या, हा छोट्या समुदायाला झेपणारा हिशोब. तिनांपैकी दोन ठेवलं तर दोन मित्र मिळून सगळं नेऊ शकतात. पाचांपैकी पाच ठेवलं तर एकाचा फोन हरवला की खजिना कायमचा बंद. सह्या करणारे एकाच मित्रमंडळातले नकोत, शक्यतो वेगवेगळ्या देशांतले असावेत, आणि प्रत्येकाची चावी हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे चावी सांभाळणाऱ्या वेगळ्या उपकरणात, असावी. पाच सह्या म्हणजे पाच माणसं, एका माणसाची पाच वॉलेटं नव्हेत. हे तपासायला एकत्र व्हिडिओ कॉल पुरतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये पेपे टोकनच्या बाबतीत काय झालं ते लक्षात ठेवा. मल्टिसिगला आठांपैकी पाच सह्या लागत होत्या. संघातल्या काही जणांनी सुमारे १६ लाख कोटी टोकन, तेव्हाच्या भावाने साधारण दीड कोटी डॉलरची, एक्स्चेंजवर हलवली आणि सह्यांची अट आठांपैकी दोनवर आणली. मल्टिसिग होतं, सह्या होत्या, तरी माल गेला. कारण सह्यांची संख्या बदलायचा हक्कही त्याच सह्यांकडे असतो. म्हणून टाइमलॉक लावा: कुठलाही मोठा व्यवहार किंवा नियमबदल मंजूर झाल्यावर ४८ तासांनीच अमलात येईल. स्क्वाड्समध्ये ही सोय आहे, सेफमध्ये वेगळं मोड्यूल जोडून मिळते. आणि ग्रुपमधल्या दोन-तीन जणांनी, जे सह्या करणारे नाहीत, त्या पत्त्यावर एक्सप्लोररची सूचना लावून ठेवावी. पहारा नसेल तर ४८ तासांचा काही उपयोग नाही.

घोषणा करण्याआधी अगदी थोडी रक्कम आत टाकून, सगळ्यांच्या आळीपाळीने सह्या घेऊन, ती परत बाहेर काढून दाखवा. सही करताना लॅपटॉपच्या पडद्यावर नाही, हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावर काय दिसतंय ते वाचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर गेले, तेव्हा सह्या करणाऱ्यांच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्याच व्यवहारावर होत होती.

'सध्या एकाच भरवशाच्या माणसाकडे ठेवू' हा प्रस्ताव हमखास येतो. सप्टेंबर २०२० मध्ये सुशीस्वॅप या विकेंद्रित एक्स्चेंजचा निनावी संस्थापक शेफ नोमी याने विकास निधीतली सुमारे १.४ कोटी डॉलरची रक्कम काढून घेतली आणि नियंत्रण एका व्यक्तीकडे, एफटीएक्स एक्स्चेंजचे संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड यांच्याकडे, सोपवलं. तिथून ते समुदायाने मतदानाने निवडलेल्या नऊ जणांच्या मल्टिसिगकडे गेलं, आणि नोमीने काही दिवसांत माफी मागून पैसे परत केले. ही टप्प्याटप्प्याची सोय निभावली, कारण मधला टप्पा काही दिवसांचाच होता. तुमच्याकडे असा टप्पा आलाच तर तो किती तासांचा, हे आधी लिहून जाहीर करा.

सहावी पायरी: पान, नाव आणि भामटे

पंप डॉट फनच्या टोकनला निर्मितीवेळी लावलेले दुवे तुम्हाला बदलता येत नाहीत, म्हणून लोक जिथे भाव बघतात तिथली पानं दुरुस्त करून घ्यावी लागतात. डेक्स स्क्रीनरवर कम्युनिटी टेकओव्हरसाठी स्वतंत्र अर्ज आहे, तो सशुल्क आहे. कॉइनगेको आणि कॉइनमार्केटकॅपवर माहिती बदलण्याचे अर्ज असतात. पुरावा म्हणून नव्या खात्यांचे दुवे, जुना डेव्ह गेल्याची नोंद, मल्टिसिगचा पत्ता आणि होल्डरांच्या मतदानाचा निकाल एकाच पानावर मांडून ठेवा. पंप डॉट फनवर निर्मात्याचं शुल्क समुदायाकडे वळवण्यासाठीही अर्ज करता येतो. हा अर्ज लवकर करा, कारण तोवरचं शुल्क जुन्याच माणसाला जातं.

अर्ज दिसला की टेलिग्रामवर निरोपांचा पाऊस पडतो. लिस्टिंग मॅनेजर, मार्केट मेकर, ट्रेंडिंगचं पॅकेज. पैसे फक्त त्या सेवेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून भरा, निरोपातल्या पत्त्यावर कधीच नाही. आगाऊ टोकन मागणाऱ्या इन्फ्लुएन्सरना नाही म्हणा. ते टोकन तुमच्याच पूलमध्ये विकले जातात. आणि सदस्यांना पिन करून सांगा: ग्रुपमध्ये शिरण्यासाठी वॉलेट जोडायला किंवा विंडोज आणि आर दाबून काही पेस्ट करायला सांगणारा 'व्हेरिफिकेशन बॉट' हा चोर आहे. तसं केलं की तुमच्याच संगणकात वॉलेट रिकामं करणारा प्रोग्रॅम शिरतो.

पैसा कसा वापरायचा

वर्गणी मल्टिसिगवरच, आणि ती सोल, इथर किंवा यूएसडीसीमध्ये (डॉलरशी बांधलेलं टोकन). स्वतःच्याच टोकनमध्ये ठेवलेला खजिना गरज पडेल त्या दिवशी विकता येत नाही, कारण विकलात तर भाव तुम्हीच पाडता. तीस सोल जमले असतील तर पानांचे अर्ज, डोमेन आणि साधं संकेतस्थळ यांत सात-आठ सोलच्या वर जाऊ नका, निम्मे तरी राखून ठेवा. दर पंधरवड्याला हिशोब टाका, प्रत्येक खर्चापुढे व्यवहाराचा दुवा असू द्या.

'बर्न', म्हणजे टोकन जाळणं, हा शब्द ऐकला की सगळे हरखतात. टेरा ही ब्लॉकचेन मे २०२२ मध्ये कोसळल्यावर टेरा क्लासिकच्या समुदायाने साखळी हाती घेतली. तेव्हा तिच्या लुना क्लासिक या टोकनचा सप्लाय जवळपास ६.९ लाख कोटी होता. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी साखळीवरच्या व्यवहारांवर १.२ टक्के बर्न टॅक्स लावला. साखळीवरचा वापर आटला आणि पुढच्याच महिन्यात तो ०.२ टक्क्यांवर आणावा लागला. एक्स्चेंजच्या आत होणारी खरेदी-विक्री साखळीवर येतच नाही, त्यामुळे तिथे हा टॅक्स लागत नव्हता. जाळल्याने आहे त्या लोकांचा हिस्सा किंचित वाढतो, पण कामाला पैसा मिळत नाही आणि नवा वापरकर्ताही येत नाही.

चाव्या मिळाल्याच नाहीत तर

मग नवीन घर बांधायचं. ट्रॉनचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीम या ब्लॉकचेनमागची स्टीमिट कंपनी विकत घेतल्यावर स्टीमच्या समुदायाने झगडून पाहिलं आणि २० मार्च २०२० रोजी हाइव्ह ही वेगळी साखळी काढली. जुन्या शिलकी नव्या साखळीवर आल्या, कंपनीचा वादग्रस्त साठा वगळला गेला. टोकनच्या पातळीवर हेच करायचं तर स्नॅपशॉट, म्हणजे कुणाकडे किती टोकन आहे याची त्या क्षणाची नोंद, घ्या, पण तो घोषणेच्या आधीच्या ब्लॉकवरचा. पुढची तारीख जाहीर केली तर बॉट जुनं टोकन स्वस्तात उचलून नव्याचे हक्कदार होतात. पूलमध्ये आणि एक्स्चेंजवर पडलेल्या टोकनांचं काय, डेव्हची कुठली वॉलेटं वगळली आणि का, हे यादीसह छापा. नवीन टोकन शक्यतो तुम्हीच थेट वॉलेटवर पाठवा. लोकांनी स्वतः येऊन टोकन उचलायची 'क्लेम' पानं काढली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या नकला उभ्या राहतात. आणि नव्या पूलमध्ये सोल किंवा इथर कुठून येणार याचं उत्तर आधी हवं. ते नसेल तर स्थलांतर करू नका.

भारतात राहून हे करणाऱ्यांनी कर विसरू नये. आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के आणि वर उपकर लागतो, विक्रीवर १ टक्का टीडीएसची तरतूद आहे, आणि एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. बुडालेल्या टोकनचं दुःख कर खातं मोजत नाही, म्हणून 'तोटा भरून काढू' या हिशोबाने टेकओव्हरमध्ये नवी रक्कम घालताना करानंतरचा आकडा बघा. स्थलांतरात मिळालेलं नवीन टोकन आणि मल्टिसिगवर तुमच्या सहीने फिरणारा लोकांचा पैसा, हे दोन प्रश्न सीएला आधीच विचारून घ्या.

शेवटचं, सुरुवातीलाच ठरवून घ्यायचं काम: बंद कधी करायचं. ९० दिवसांत होल्डरांची संख्या घटतच राहिली, किंवा सह्या करणाऱ्यांपैकी तीन जण निरोपांना उत्तर देईनासे झाले, तर मतदान घ्या. खजिन्यात उरलेली रक्कम वर्गणीच्या प्रमाणात, ज्या पत्त्यांवरून आली त्याच पत्त्यांवर परत पाठवा. एक्स्चेंजवरून आलेल्या वर्गणीसाठी मात्र देणाऱ्याकडून त्याच्या स्वतःच्या वॉलेटचा पत्ता मागून घ्या, नाहीतर ती रक्कम एक्स्चेंजच्या सामाईक वॉलेटमध्ये अडकते. हिशोबाचं शेवटचं पान आणि परतीच्या व्यवहारांचे दुवे पिन करा, ग्रुपमध्ये लिहिणं बंद करून तो वाचण्यापुरता ठेवा, आणि एक्स खात्याच्या ओळखीत 'काम थांबवलं आहे' असं तारखेसह लिहा, म्हणजे ते नाव वापरून दुसरं कुणी वर्गणी गोळा करणार नाही.